मालक, मैदान आणि सार्वजनिक प्रयोजन

महसूल खात्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे शब्द नवे नाहीत. १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली निघणारी अधिसूचना या शब्दांवाचून पुरी होत नसे. माझ्या टेबलावरूनही अशा पुष्कळ अधिसूचना गेल्या. निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हा याच शब्दांची एक विलक्षण हकीकत अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात भेटली. तिचा नायक म्हणा वा खलनायक, वॉल्टर ओमॅली नावाचा एक संघमालक आहे.

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा संघ ही खासगी मालमत्ता असते. मालक तो विकू शकतो, मंडळाची संमती मिळवून दुसऱ्या शहरी नेऊही शकतो. गावकरी मात्र त्याला आपलाच मानतात. सारा वाद या दोन समजुतींमधला आहे.

ओमॅली १९०३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. पेशाने वकील. ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे कायदेशीर काम पाहता पाहता तो भागीदार झाला आणि १९५० मध्ये अध्यक्ष व प्रमुख मालक बनला. याच संघातून १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला आणि वर्णभेदाची भिंत कोसळली. त्याचे श्रेय मात्र ओमॅलीचा तेव्हाचा भागीदार ब्रँच रिकी याचे. १९५५ मध्ये संघाने प्रथमच जागतिक मालिका जिंकली. ब्रुकलिन आनंदाने वेडे झाले. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, संघ लॉस एंजेलिसला जात असल्याचे जाहीर झाले. ब्रुकलिनच्या लोकांनी ओमॅलीला कधीच क्षमा केली नाही.

हा लोभ होता काय? होताच, पण कागदपत्रे आणखीही काही सांगतात. एबेट्स फील्ड हे संघाचे मैदान १९१३चे. प्रेक्षक मावत जेमतेम बत्तीस हजार, आणि मोटारी उभ्या करण्यास जागा फार थोडी. ओमॅली नवे मैदान स्वतःच्या पैशाने बांधण्यास तयार होता. त्याला हवी होती अटलांटिक आणि फ्लॅटबुश या रस्त्यांच्या चौकातील जमीन. ती अनेक मालकांत विखुरलेली. तेव्हा १९४९च्या गृहनिर्माण कायद्याचा आधार घेऊन शहराने ती संपादित करावी आणि आपणास विकावी, अशी त्याची मागणी होती. न्यूयॉर्कमधील सर्वशक्तिमान अधिकारी रॉबर्ट मोझेस याने ती फेटाळली. खासगी संघाचे मैदान हे सार्वजनिक प्रयोजन नव्हे, असा त्याचा निर्वाळा. त्याने क्वीन्स भागातील दुसरी जागा सुचवली. ती ओमॅलीला नको होती.

लॉस एंजेलिसमध्ये जे घडले, ते वाचताना मात्र मी थबकलो. शहराच्या मध्यभागाजवळ चावेझ रव्हीन नावाची टेकाडांची वस्ती होती. तेथे मुख्यतः मेक्सिकन वंशाची कुटुंबे राहत. १९५० मध्ये सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाने त्यांना पत्रे धाडली : येथे गरिबांसाठी घरकुले होणार आहेत, आपण जागा सोडावी, नव्या घरांवर पहिला हक्क आपला राहील. बहुतेकांनी मिळेल तो मोबदला घेऊन घरे सोडली. पुढे ही योजना समाजवादी असल्याची ओरड झाली, १९५३ मध्ये नवा महापौर निवडून आला आणि घरकुले रद्द झाली. सार्वजनिक प्रयोजनासाठीच वापरण्याच्या अटीवर शहराने ती जमीन केंद्र शासनाकडून परत घेतली.

आणि मग ओमॅली आला. त्याने शहरातील आपले एक लहान मैदान दिले व बदल्यात या वस्तीची सुमारे तीनशे एकर जमीन मिळवली. जून १९५८ मध्ये या करारावर लोकमत घेतले गेले; सुमारे पावणेसात लाख मतांत बहुमत पंचवीस-सव्वीस हजारांचेच. न्यायालयांनीही करार उचलून धरला. मे १९५९ मध्ये उरलेल्या घरांवर पोलीस गेले. अरेचिगा कुटुंबातील एका स्त्रीला हातपाय धरून घराबाहेर आणले गेले, ते दूरचित्रवाणीवर साऱ्या शहराने पाहिले. या कुटुंबाची शहरात इतरत्र घरे असल्याचे नंतर उघड झाले आणि सहानुभूती ओसरली. पण त्यामुळे १९५० च्या पत्रातील वचन खोटे पडले ते पडलेच.

एप्रिल १९६२ मध्ये ते मैदान खुले झाले. बांधकाम ओमॅलीनेच केले, उत्तम केले, आणि आजही तेथे खेळ होतो. १९८१ मध्ये मेक्सिकोत जन्मलेला फर्नांडो व्हॅलेन्झुएला हा गोलंदाज चमकला, तेव्हा मेक्सिकन समाज मोठ्या संख्येने त्याच मैदानावर येऊ लागला. ओमॅली १९७९ मध्ये वारला. २००८ मध्ये बेसबॉलच्या सन्मान-दालनात त्याची स्थापना झाली.

वस्ती उठवल्याचा सारा दोष त्याच्या माथी मारणे सोपे आहे. पण ती पत्रे त्याने लिहिली नव्हती. तो येण्यापूर्वीच बहुतेक घरे रिकामी झाली होती. त्याने तयार फळ तोडले. झाड हलवले ते कचेरीने. व्यापारी आपला लाभ पाहणारच; पण वचन दिले होते शासनाने, आणि शासनाला कार्यकाल नसतो. सही करणारे हात बदलतात, महापौर बदलतात. पत्रावरचा शिक्का तोच राहतो.

ब्रुकलिनमध्येही इतिहासाने गंमत केली. ओमॅलीला हव्या असलेल्या जागेच्या समोरच, अटलांटिक रस्त्यापलीकडे, २०१२ मध्ये बास्केटबॉलचे भव्य क्रीडागृह उघडले. त्या प्रकल्पासाठी राज्याने सक्तीने जमीन घेतली आणि २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली. मोझेसने ज्याला सार्वजनिक मानले नाही, ते अर्धशतकानंतर सार्वजनिक ठरले.

आपल्याकडे २०१३चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. संपादित जमीन पाच वर्षे विनावापर राहिली, तर ती मूळ मालकास वा त्याच्या वारसांस परत करावी किंवा शासनाच्या भूमी-अधिकोषात जमा करावी, अशी तरतूद त्यात आहे. चावेझ रव्हीनची हकीकत वाचल्यापासून माझी नजर त्यातल्या ‘किंवा’ या शब्दावरून हलत नाही.