प्रेरणा कोणाची, प्रश्न कोणाचा?

'प्रेरणा' हा व्यक्तिरेखाविचारातील सर्वांत अधिक वापरला गेलेला आणि बहुधा सर्वांत कमी तपासला गेलेला शब्द असावा. एखादे पात्र अमुक कृती का करते, या प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्या पात्राचे आकलन झाले, असे आपण गृहीत धरून चालतो. सूड, सत्ताकांक्षा, प्रेम, निष्ठा, देशप्रीती अशा नामांची एक छोटी यादी आपल्यापाशी असते. पात्र त्यांपैकी एखाद्या नामाखाली ठेवले की समीक्षेचे काम संपते. रशियन रूपवाद्यांपैकी बोरिस तोमाशेव्स्की याने १९२५ मध्ये 'मोटिव्हेशन' ही संज्ञा पात्राच्या मनापासून सोडवून कथेच्या रचनेला जोडली. कथेत एखादा घटक का येतो याचे समर्थन, असा तिचा अर्थ त्याने केला आणि रचनात्मक, वास्तववादी व कलात्मक असे तिचे तीन प्रकार मानले. आपल्या अभ्यासक्रमांत हा भेद शिकवला जातो. उत्तरपत्रिकेत मात्र पुन्हा 'अमुकची प्रेरणा सूडाची आहे' हेच वाक्य येते. या वाक्याकडे नव्याने पाहण्याची गरज मला भासली, ती मराठी साहित्याच्या वर्गात सहसा न येणाऱ्या एका संहितेमुळे.

कर्जत-खालापूर परिसरातील विद्यार्थ्यांना मी मराठी शिकवतो. 'युद्धकथनातील पात्रांच्या प्रेरणा' या विषयावर पदव्युत्तर वर्गाचे निबंध मागवले, तेव्हा बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे ऐतिहासिक कादंबऱ्या निवडल्या. खालापूर तालुक्यातील एका गावाहून येणाऱ्या विद्यार्थिनीने 'मोबाइल सूट गंडम' ही जपानी ॲनिमे मालिका निवडली. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका एप्रिल १९७९ ते जानेवारी १९८० या काळात जपानी दूरचित्रवाणीवर ४३ भागांत दाखवली गेली. आमची मुले ती आज मोबाइलवर, इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने पाहतात. निबंध तपासायचा तर संहिता वाचली पाहिजे, हा आपला साधा नियम. म्हणून मीही सर्व भाग पाहिले.

कथेचा सांगाडा असा. मानवजातीचा मोठा भाग अंतराळातील कृत्रिम वसाहतींत राहतो आहे. त्यांपैकी एका वसाहतसमूहाने 'झिऑन' या नावाने पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध युद्ध पुकारले आहे. झिऑनवर झाबी घराण्याची हुकमत आहे. शार अझ्नाबल हा झिऑनचा नामांकित योद्धा. पण तो वस्तुतः झाबींच्या आधीच्या नेत्याचा मुलगा आहे आणि पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी नाव बदलून, मुखवटा घालून शत्रूच्याच सैन्यात शिरला आहे. पलीकडे आमुरो रे हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. त्याच्या वसाहतीवर हल्ला होतो आणि वडिलांनी आखलेल्या यंत्रमानवात तो जवळजवळ योगायोगाने शिरतो. एकाची प्रेरणा आधीच पूर्ण घडलेली, दुसऱ्याची जवळजवळ नाहीच. येथवर ही मांडणी नेहमीची वाटते.

पण मालिका पुढे सरकते तसतसा 'सूड' हा शब्द हातात राहत नाही. शार आपला लष्करी विद्यालयातील मित्र गार्मा झाबी याला कपटाने मृत्यूच्या तोंडी देतो आणि अखेरच्या क्षणी त्याला सुनावतो, की मित्र म्हणून तू चांगला होतास, दोष तुझ्या बापाचा आहे. गार्माला स्वतःच्या मृत्यूचे कारण मरतानाच कळते. त्याच मृत्यूचा उपयोग करून गार्माचा भाऊ गिरेन अंत्यविधीच्या भाषणात साऱ्या राष्ट्राच्या मनात सूडाची भावना पेटवतो. आणि ते भाषण ऐकणाऱ्यांत खुद्द शार आहे. पुढे राम्बा राल नावाच्या अनुभवी सेनानीला गार्माच्या सूडासाठी पाठवले जाते, राल मारला गेल्यावर त्याची सहचरी हामोन त्याच्या सूडासाठी लढते, आणि शेवटी किसिलिया झाबी पित्याला मारणाऱ्या आपल्याच भावाला, गिरेनला, गोळी घालते. किमान चार सूड येथे आहेत. पहिला वैयक्तिक आणि गुप्त, दुसरा सार्वजनिक आणि निर्माण केलेला, तिसरा खरोखर शोकातून आलेला, चौथ्यात सूड आणि सत्ता यांची सीमारेषाच पुसलेली. या चौघांना एका नामाखाली ठेवणारी समीक्षा पात्रांविषयी काही सांगत नाही. ती केवळ कृतींच्या बाह्य आकाराचे वर्गीकरण करते.

शारचा शेवट याहून बोलका आहे. झाबींचा पाडाव ही आता आपल्या दृष्टीने दुय्यम बाब उरली आहे, असे तो बहिणीला सांगतो. आणि तरीही अखेरीस किसिलियाला ठार करतो. म्हणजे प्रेरणा विझल्यावरही कृती होते. वर्गातील अनेक मुलांना हा 'लेखनातील दोष' वाटला. मला तो या संहितेतील सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. आयुष्यभर एका हेतूभोवती घडवलेले शरीर, तो हेतू निघून गेल्यावर, सवयीने आपले काम पूर्ण करते. येथे प्रेरणा कृतीच्या मागे उभी नाही. कृतीच प्रेरणेच्या मागे उरली आहे.

आता आमुरो. ललाह सून ही शारच्या बाजूने लढणारी मुलगी भर युद्धात त्याला विचारते: तुला राखावे असे माणूस नाही, घर नाही, मग तू का लढतोस? तिच्यापाशी स्वतःचे उत्तर आहे. ज्याने आपल्याला वाचवले त्याच्यासाठी ती लढते. आमुरोपाशी उत्तर नाही. उलट, राखण्यासारखे काही नसले तर लढूच नये काय, असा त्याचाच प्रश्न आहे. थोड्याच वेळात शारला वाचवण्यासाठी ती मध्ये येते आणि आमुरोच्या हातून, त्याच्या मनात नसताना, मारली जाते. जिने प्रेरणा विचारली तिचाच मृत्यू प्रेरणेवाचून घडतो. परीक्षेतील 'का?' हा प्रश्न येथे पात्राच्या तोंडी आला आहे, आणि तो निरागस नाही हेही दिसते. ज्याच्यापाशी सांगण्याजोगे उत्तर नाही, त्याचे अस्तित्वच हा प्रश्न उणे ठरवतो.

विज्ञानकथा आणि युद्ध यांच्या सांध्यावर मराठीतही एक महत्त्वाची कथा आहे, आणि कर्जतच्या वाचकाला ती एका क्षुल्लक कारणाने जवळची वाटते. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका पर्यायी जगात जाऊन पोचतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकले, असे ते जग आहे. पुण्याहून मुंबईला जाणारी त्यांची जिजामाता एक्सप्रेस कर्जतला थोडा वेळ थांबून पुढे निघते. इतिहास उलटापालटा झाला आहे; घाट मात्र पंतांच्या ओळखीचाच आहे. जेथे घाट चढणाऱ्या गाड्यांना इंजिने जोडली जातात त्या गावच्या मुलांना हे वाचताना हसू येते. इतिहास बदलला तरी आमच्या वाट्याला थोडा वेळ थांबणेच, असे त्यांच्यापैकी एकाने म्हटले.

पानिपतच्या पराभवाचे कारण मराठी मनाने दीर्घकाळ सदाशिवरावभाऊंच्या स्वभावात शोधले आहे. बखरींपासून शेजवलकरांपर्यंत आणि पुढे विश्वास पाटलांच्या १९८८ मधील 'पानिपत' या कादंबरीपर्यंत झालेली चर्चा, बाजू कोणतीही असो, भाऊंच्या व्यक्तिमत्त्वाला टाळून जाऊ शकत नाही. नारळीकर तो सारा खटलाच बाजूला ठेवतात. त्यांच्या पर्यायी जगात विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून जाते. बाकी सर्व त्यातून निष्पन्न होते. कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि क्वांटम अनिश्चितता यांच्या आधारे कथेतच त्याचे स्पष्टीकरण येते. स्वभावातून नियती घडते, या शोकात्मिकेच्या जुन्या सूत्राला हा मोठा शह आहे.

तथापि या कथेत प्रेरणा अजिबात नाही, असे म्हणणे घाईचे होईल. तिच्यात मनातून हललेले एकच पात्र आहे, ते म्हणजे स्वतः गंगाधरपंत. ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषवलेल्या या गृहस्थांना आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते आणि ते राहवत नाहीत. साम्राज्यांचे भवितव्य गोळीच्या तिळभर अंतरावर अवलंबून. प्राध्यापकाचे मात्र त्याच्या सवयीवर. शारचा अखेरचा सूड आणि पंतांची खुर्ची यांत गांभीर्याचे अंतर मोठे आहे, पण दोन्हीकडे हेतूची जागा सवयीने घेतली आहे. विज्ञानकथा एखादी गोष्ट बदलून बाकीचे जग चालू ठेवते, आणि त्यामुळेच काय खरोखर कारण होते आणि काय केवळ सोबत होते, हे वेगळे करून दाखवू शकते.

त्या ओळखीच्या घाटापासून फार दूर नाही अशी उंबरखिंड खालापूर तालुक्यात, चावणी गावाच्या परिसरात आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये घाट उतरून कोकणात निघालेल्या कारतलबखानाच्या मोगल फौजेला शिवाजी महाराजांनी येथे कोंडीत पकडले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग तपशिलाने आला आहे. विद्यार्थिनीने आपल्या गावाजवळची म्हणून ही संहिता मालिकेशेजारी ठेवली, आणि तुलनेचा खरा लाभ येथे झाला. खानाबरोबर रायबागन आहे. माहूरच्या देशमुख घराण्यातील ही स्त्री मोगलांची सरदार म्हणून लढते आहे. अशा रानात शिरल्याबद्दल ती खानाला बोल लावते आणि शरण जाऊन सैन्य वाचवण्याचा सल्ला देते. खान तो मानतो, खंडणी देतो आणि फौजेला वाट मिळते. परमानंद शिवाजी महाराजांचा कवी. तरीही शत्रुपक्षातील या स्त्रीच्या तोंडी त्याने द्वेष घातला नाही, भ्याडपणा घातला नाही. प्रसंगाची नेमकी जाण घातली. आपल्या उत्सवी कथनांत शत्रूला सहसा एकच प्रेरणा दिली जाते. सतराव्या शतकातील काव्य त्याहून उदार आहे.

तिच्याशेजारी राम्बा राल उभा करून पाहावा. गार्माचा सूड हे त्याच्या मोहिमेचे अधिकृत कारण. पण आपल्या सहचरीपाशी तो सांगतो, की आपल्या बढतीवर हाताखालच्या माणसांच्या संसाराची शाश्वती अवलंबून आहे. शत्रूच्या जहाजात शिरल्यावर त्याला आपल्या जुन्या धन्याची मुलगी समोर दिसते, हात थबकतो, आणि जखमी अवस्थेत तो हातबाँबसह स्वतःला झोकून देतो. रायबागन आणि राल, दोघांच्याही मनात आपल्यावर अवलंबून असलेली माणसे आहेत. एक शरणागती सुचवते, दुसरा मृत्यू पत्करतो. चार सूडांत एकाच आकाराच्या कृतीमागे चार प्रेरणा होत्या. येथे एकाच प्रेरणेतून दोन परस्परविरुद्ध कृती निघतात. मग प्रेरणा आणि कृती यांच्यामध्ये आपण जी सरळ रेषा ओढतो, ती कोठे उरते? मला वाटते, प्रेरणा हे कृतीचे कारण म्हणून वाचण्यापेक्षा कोणीतरी विचारलेल्या 'का?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचणे अधिक फलदायी ठरते. ते उत्तर कोणाला दिले जाते, कोणापासून लपवले जाते, आणि उत्तर देणाऱ्यापाशी कोणते शब्द उपलब्ध असतात, यात पात्राचे खरे वेगळेपण असते. शारचे उत्तर गार्माला मरताना मिळते. रायबागनचे खानासमोर उघड मिळते. रालचे केवळ घरच्या माणसाला कळते. आमुरोपाशी शब्दच नाहीत.

हा केवळ सैद्धान्तिक प्रश्न नाही. या तालुक्याला भाई कोतवालांची स्मृती आहे. माथेरानच्या या वकिलाने सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभारली, पुढे आझाद दस्ता उभा करून विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले. आमच्या निबंधांत या सगळ्याला 'देशप्रेम' हा एक शब्द पुरतो. शब्द खोटा नाही. पण धान्यकोठीपासून मनोऱ्यापर्यंतचा जो प्रवास समजून घ्यायचा, तोच त्या शब्दाखाली झाकला जातो. गौरवानेही माणूस सपाट होतो.

आणि निंदेने तर होतोच. वर्गातील बहुतेक मुले शारच्या मोहात असताना या मुलीने रालवर का लिहिले, असे मौखिक परीक्षेत तिला विचारले गेले. तिने सांगितले, की भाऊ खोपोलीला कारखान्यात कंत्राटावर आहे आणि वडिलांनी शेतघरासाठी जमीन विकली. भाऊ का गेला हे कोणी विचारत नाही. वडिलांनी का विकली याचे उत्तर गावाने 'हव्यास' असे देऊन टाकले आहे. राल मात्र आपले कारण स्वतःच्या तोंडाने सांगू शकतो, म्हणून तो निवडला. गुण देणाऱ्यांना हे उत्तर विषयाला सोडून वाटले. माझ्या मते त्या दिवशी प्रेरणेविषयीचे सर्वांत नेमके विधान तेच होते.

व्यक्तिरेखेचा अभ्यास करणाऱ्याने 'का?' विचारणे सोडावे, असे मला म्हणायचे नाही. पण त्या प्रश्नाबरोबर आणखी दोन प्रश्न उत्तरपत्रिकेत यावेत: हे 'का?' संहितेत कोण विचारतो आहे, आणि पात्राला उत्तर द्यायला किती जागा दिली आहे? असे वाचले तर एका नामात न मावणारी पात्रे दिसू लागतील, शत्रुपक्षातली तर विशेषच. आणि ज्या मुलांच्या घरच्या माणसांची कारणे इतरांनीच ठरवून टाकली आहेत, त्यांना साहित्याच्या वर्गात निदान एवढे कळेल, की कारण सांगण्याचा पहिला अधिकार ज्याचा त्याचा असतो.