नाण्याला स्मरणशक्ती नसते

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, ही त्याची उद्दिष्टे बातम्यांतून सर्वांना ठाऊक झाली. त्यामागील आनुवंशिकतेचा नियम मात्र अनेकांच्या मनात पाठ्यपुस्तकातील वाटाण्यांपाशीच थांबलेला असतो. छत्तीसगडमध्ये आणि शेजारच्या विदर्भात हा नियम घरोघरी लागू पडतो. रायपूरमध्ये या एकाच आजारासाठी स्वतंत्र शासकीय संस्था आहे, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

दोष अगदी सूक्ष्म असतो. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील एक अक्षर बदलते. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी होताच असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे तंतू बनतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. सुमारे १२० दिवस जगणारी पेशी मग १० ते २० दिवसांतच नष्ट होते.

प्रत्येकाला या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक ठरते, रुग्ण नव्हे. मेंडेलच्या प्रयोगात ५४७४ वाटाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. आई-वडील दोघेही वाहक असतील तर हाच हिशेब त्यांच्या अपत्यांना लागू होतो.

येथेच एक घातक गैरसमज शिरतो. 'चारांपैकी एक' म्हणजे पहिले मूल आजारी निघाल्यावर पुढची तीन सुरक्षित, असा अर्थ काढला जातो. परंतु नाण्याला स्मरणशक्ती नसते. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता पुन्हा २५ टक्केच असते. चार अपत्ये असलेल्या अशा दांपत्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांच्या घरी एकही मूल आजारी नसेल, तर काहींच्या घरी दोन किंवा तीन असतील. आजारी बाळाचा दोष सुनेच्या माथी मारणे हेही या गणितात बसत नाही. एक सदोष प्रत वडिलांकडूनही आलेली असते.

वाहक असणे हा कलंक नव्हे. ज्या प्रदेशांत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या बळी घेतले, तेथे वाहकांना त्याच्या तीव्र स्वरूपापासून काही संरक्षण मिळाले. म्हणूनच हे जनुक तेथे टिकून राहिले.

आता जनुक-संपादनावर आधारित उपचारही आले आहेत. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा पहिल्या उपचाराला मान्यता दिली. परंतु त्यात अस्थिमज्जेतील मूलपेशी बदलतात, बीजपेशी नव्हेत. बरा झालेला रुग्णही पुढच्या पिढीला सदोष प्रतच देतो.

म्हणून विवाहापूर्वीच्या साध्या रक्ततपासणीचे महत्त्व कायम राहते. वाहकाचा जोडीदार हिमोग्लोबिनच्या कोणत्याही दोषाचा वाहक नसेल, तर अपत्याला हा आजार होत नाही. ते वाहक होण्याची शक्यता तेवढी निम्मी असते. पत्रिकेतील नाडी पाहणाऱ्या घरांनी रक्ताचा हा अहवालही पाहावा. तो लग्न मोडण्यासाठी नव्हे, तर दोघांनी समजून-उमजून निर्णय घेण्यासाठी असतो.