शाईची विरी

भाकरी थापताना कडा चिरायला लागल्या की आई म्हणते, "पिठाची विरी गेली." जुनं पीठ कितीही मळलं तरी एकमेकाला धरत नाही. पुण्यातल्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला डोळा लावला असताना मला तिचं हे वाक्य आठवलं. समोरच्या काळ्या रेघेवर आडव्या, बारीक भेगा पडल्या होत्या. अगदी भाकरीच्या कडेसारख्या.

ती रेघ कार्बनच्या शाईनं छापलेली होती, माझ्या वडिलांसाठी, अप्पांसाठी. मधुमेहानं अप्पांच्या तळपायांची जाणीव गेली आहे. एकदा चपलेत खडा घेऊन ते दिवसभर शेतात हिंडले. संध्याकाळी पाय धुताना रक्त दिसलं ते आईला. ती जखम भरायला तीन महिने लागले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं: तळव्यावर कुठे जास्त दाब पडतोय हे त्यांना कळत नसेल, तर ते दुसऱ्या कशानं तरी सांगितलं पाहिजे.

म्हणून दाब ओळखणारं इनसोल करायला घेतलं. त्यातल्या सेन्सरची रचना साधी आहे. प्लास्टिकच्या एका फिल्मवर कंगव्यांसारखे एकमेकांत शिरलेले दोन इलेक्ट्रोड छापायचे, दुसऱ्या फिल्मवर कार्बनचा थर द्यायचा आणि दोन्ही समोरासमोर ठेवायच्या. दाब वाढला की दोन थर जास्त ठिकाणी टेकतात आणि रोध उतरतो.

छपाई मी शिकले ती पेठेत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांकडे. माझी शाई त्यांनी पट्टीवर उचलून पाहिली. "बाळ, ही फार कोरडी आहे. जाळीतून उतरायची नाही." स्क्वीजी पुढे गेली की मागची जाळी आपसूक उचलली पाहिजे, नाहीतर रेघेच्या कडा फाटतात, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं. फिल्म आधी भट्टीत तापवून घ्यायची, हे मात्र मला माझ्या चुकीनं शिकवलं. शाई १२० अंशांवर वाळवताना फिल्म आकसली आणि वरची रेघ खालच्या रेघेवर बसेना.

शाई कोरडी होती, कारण मी तिच्यात कार्बन कोंबला होता. कण थोडे असले तर शाईतून वीज जवळजवळ जातच नाही. एका प्रमाणापुढे ते एकमेकांना टेकू लागतात आणि रोध एकदम हजारो पटींनी कोसळतो. तो आकडा पडताना पाहिला की हात थांबत नाही. मी ग्राफाइट वाढवलं, द्राक्षाच्या घडांसारखे जमणारे कार्बन ब्लॅकचे कण वाढवले. पण कणांना धरून ठेवणारा पॉलियुरेथेन, म्हणजे त्या शाईची विरीच, त्या मानानं कमी पडत गेला. ६०० वेळा वाकवल्यावर रोध दुप्पट झाला.

कार्बन कमी केला आणि पॉलियुरेथेन वाढवला. रोध थोडा चढला, तो मी मान्य केला. आता रेघ १०,००० वेळा वाकूनही शाबूत राहिली आणि आम्ही पेढे वाटले. त्या रात्री अप्पांना फोनवर सहज विचारलं, दिवसभरात किती चालता? फोन मोजतो त्या हिशेबानं ८,००० पावलं. म्हणजे एक पाऊल दिवसाला ४,००० वेळा वाकतं. आमचे १०,००० म्हणजे जेमतेम अडीच दिवस. ते पेढे मला अजून आठवतात.

उत्तर मिळालं ते शाईच्या बाहेर. जाड वही वाकवली की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला दाबला जातो, आणि मधल्या पानाला या दोन्हींतलं जवळपास काहीच भोगावं लागत नाही. समोरासमोरच्या फिल्ममधले सेन्सर अशा मधल्या जागीच होते, म्हणून ते टिकले. चिरत होत्या त्या चवड्याखालच्या सेन्सरपासून टाचेकडे येणाऱ्या, वीज नेणाऱ्या छापील वाटा, कारण त्या उघड्या होत्या. १२५ मायक्रॉनची फिल्म बोटाएवढ्या, १० मिलिमीटर व्यासाच्या दांडीवर गुंडाळली, तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग सव्वा टक्का ताणला जातो. वाटांवर तेवढ्याच जाडीची दुसरी फिल्म चिकटवली आणि त्या मधोमध आल्या. या वेळी वाकवण्याचं यंत्र तीन आठवडे थांबवलं नाही. आकडा जवळजवळ जागचा हलला नाही.

मग मी सुट्टीत गावी गेले. इनसोल बुटाच्या मापाचं होतं आणि अप्पा बूट घालत नाहीत. जखमेनंतर डॉक्टरांनी दिलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल ते वापरतात. गावातल्या चप्पल शिवणाऱ्या दादांनी ती उलटीपालटी करून पाहिली. दोन थरांमध्ये ही फिल्म बसेल, पण कडेची शिवण तिच्यातून जाईल, म्हणाले. मी पेन्सिलीनं शिवणीची जागा आखून घेतली, अप्पांचा पाय कागदावर ठेवून अंगठ्याखालची जुन्या जखमेची जागा खुणावली आणि सगळ्या वाटा कडेपासून एक सेंटिमीटर आत घेतल्या. नव्या आखणीची फ्रेम काकांकडे टाकली आहे. सोमवारी मिळेल.