पायाचा डॉक्टर की हाडांचा?

माझी इंटर्नशिप संपली आणि असोद्याच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारू लागला, "बेटी, आता पुढे काय?" अब्बा लगेच सांगतात, "हाडांची डॉक्टर होणार." फुफी म्हणतात, "मुलीच्या जातीला तो हातोडा-करवतीचा धंदा कशाला?" मी गप्प राहते, कारण माझ्या मनात वेगळंच असतं.

मी नववीत असताना कपाशीच्या रानातला एक खुंट दादाजानच्या अंगठ्यात घुसला. त्यांना कित्येक वर्षांची शुगर होती, त्यामुळे दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून कोणी पाहिलं नाही. अम्मीला वास आला तोवर उशीर झाला होता. अंगठा काढावा लागला. नंतर चप्पल पायात ठरेना, म्हणून अब्बांनी तिला मागून सुतळी बांधून दिली. मशिदीच्या पायरीवर ती सुतळी सोडत बसलेले दादाजान मला अजून दिसतात.

मेडिकलला गेल्यावर कळलं की परदेशात फक्त पायांसाठी वेगळी शाखा आहे, पोडियाट्री. इंग्लंडमध्ये तिची तीन वर्षांची पदवी असते. अमेरिकेत चार वर्षांचं शिक्षण आणि पुढे तीन वर्षांची रेसिडेन्सी. नखं, घट्टे, जखमा, पादत्राणं हे सगळं तिथला पोडियाट्रिस्ट पाहतो. वाटलं, हेच आपलं काम. पण आपल्याकडे एमबीबीएसनंतर पोडियाट्रीची एमएस नाही. ऑर्थोपेडिक्स किंवा जनरल सर्जरीची तीन वर्षं करायची आणि मग मधुमेही पायाचं प्रशिक्षण घ्यायचं, असा इथला रस्ता आहे. भीती एवढीच होती की अपघात, रॉड आणि प्लेटांच्या गर्दीत माझा पाय हरवून जाईल.

धीर दिला तो डॉ. पॉल ब्रँड यांच्या कामाने. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले ब्रँड हाडांचेच सर्जन होते. कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो, हे त्यांनी दाखवून दिलं. मऊ रबराच्या चपलांनी त्यांनी कितीतरी पाय वाचवले. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या कामी आलं. म्हणजे हाडांचा डॉक्टर पायाचा डॉक्टर होऊ शकतो, त्याने खाली वाकून पाहिलं पाहिजे एवढंच.

त्या रात्री अब्बांना म्हटलं, "ऑर्थोच घेईन, पण पायांसाठी." त्यांनाही दोन वर्षांपासून शुगर आहे. डोळे मिटायला सांगून मी त्यांच्या तळव्याला तपासणीचा नायलॉनचा धागा टेकवला. "लागला की हो म्हणा." चार ठिकाणी ते "हो" म्हणाले. डाव्या अंगठ्याखाली टेकवला, तेव्हा काहीच बोलले नाहीत. मी पुन्हा टेकवला. पुन्हा तेच.

आता आमच्या घरचा नियम ठरला आहे. वजूत पायाच्या बोटांमध्ये खिलाल करतोच, तेव्हाच तळवा आणि बोटांच्या फटी नीट पाहायच्या, मग मऊ कापडाने कोरड्या करायच्या. थंडीत पाणी गरम केलं तर आधी घरातल्या निरोगी माणसाने त्यात हात घालून पाहायचं. शेतात अनवाणी जायचं नाही. घट्टा ब्लेडने कापायचा नाही. छोटीशी जखमही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायची.

माझी डिग्री हाती यायला अजून वर्षं आहेत. पण तुमच्या घरात शुगर असलेलं कोणी असेल, तर आजच त्यांचे पाय पाहा. आणि माझ्यासाठी दुआ करा.