कार्टर यांची चित्रं आणि पहिलं वर्ष

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचनेसाठी कोणतं पुस्तक घ्यावं, हे त्या विद्यार्थिनीचं अजून ठरत नाहीये. सीनियर सांगतात, चौरसियांचं पुस्तक घे. भाषा सोपी, आकृत्या परीक्षेत सहज काढता येतील अशा. ते खरंच आहे.

पण तिचा जीव ग्रंथालयातल्या जाडजूड ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’त अडकलाय. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या या ग्रंथाचा मजकूर हेन्री ग्रे यांचा, चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांची. कार्टर यांनी नावं थेट त्या त्या स्नायूवर, धमनीवर लिहिली; त्यामुळे वाचणाऱ्याची नजर पानभर भटकत नाही. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या आजाराने ऐन तारुण्यात गेले. कार्टर मात्र मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले! हे कळल्यापासून ते पुस्तक तिला परकं वाटत नाही.

तरी रोजच्या अभ्यासाला तो ग्रंथ झेपणार नाही, संदर्भालाच बरा. विच्छेदनाला जाण्याआधी चौरसिया, सोबत नेटरचा अ‍ॅटलास. शरीरक्रियेला गायटनचं पुस्तक, कारण तिथे हृदय कसं चालतं याबरोबर तसंच का चालतं, हेही उलगडत जातं. शरीररचनेची जुनी प्रत चालेल, हाडं काही बदलत नाहीत. शरीरक्रियेची मात्र नवी आवृत्तीच घ्यायची.