चष्म्यापासून मुक्ती नेमकी कुणाला हवी आहे?

चाळिशी ओलांडली की डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचं अक्षर पुसट होतं. हा आजार नाही, वयाचा परिणाम आहे. पण बाजार म्हणतो, छोटीशी प्रक्रिया करा आणि चष्म्यापासून 'मुक्ती' मिळवा.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. अशा प्रक्रियांपैकी एकीत एका डोळ्याच्या पारदर्शक पटलात लेसरने फट करून ३.८ मिलिमीटरची, मधोमध १.६ मिलिमीटर छिद्र असलेली चकती बसवली जात असे. बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशामुळे जवळचंही स्पष्ट दिसतं. 'कामरा' नावाच्या या चकतीला अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी 'रेनड्रॉप' या दुसऱ्या प्रकाराला मंजुरी मिळाली, पण पटलावर धूसरपणा येतो म्हणून २०१८ मध्ये ती परत मागवली गेली. ज्याला परवडतं आणि धोका कळतो, त्याने जरूर विचार करावा. आमचं भांडण 'मुक्ती' या शब्दाशी आहे.

कारण आमच्या वस्त्यांत प्रश्न उलटा आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालतं, तेव्हा पंचेचाळिशीची बाई पुस्तक नातीकडे सरकवते. म्हणते, "तूच वाच, माझं आता वय झालं." वय झालेलं नसतं, अक्षर दिसत नसतं. पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेलं वाचन तिने मिळवलं आणि दोन काचांअभावी ते तिच्या हातून सुटतंय. चष्मा घेतलाच, तर "लई शिकलेली झाली" हा टोमणा तयार असतो. ज्यांच्या भिंतीवरच्या फोटोतले बाबासाहेब चष्मा लावून आहेत, त्यांनी तरी हा टोमणा मारू नये.

प्रश्न पोटाचाही आहे. आसामच्या चहामळ्यांतल्या ७५१ कामगारांवरचा अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. चष्मा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक वाढलं. चकती नाही, लेसर नाही, साधा चष्मा! शिवणकाम करणारी, तांदूळ निवडणारी, अंगणवाडीचं रजिस्टर लिहिणारी बाई याच हिशेबात येते.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात ज्येष्ठांना जवळचं पाहण्यासाठी मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी आपल्या तालुक्यात किती झाली, हे माहिती अधिकारात विचारा. ही अडचण चाळिशीत सुरू होते, म्हणून वयाची अट खाली आणण्याची मागणी करा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे दोन तास कमी करा आणि विहारात नेत्रतपासणी ठेवा. नुसते तयार चष्मे वाटून मोकळे होऊ नका. काचबिंदू आणि मधुमेहाने होणारं नुकसान तपासणीशिवाय कळत नाही.

'शिका' हा आदेश चाळिशीला संपत नाही. ज्यांना चष्म्यापासून मुक्ती हवी, त्यांनी ती खुशाल घ्यावी. आपल्या माणसांना आधी चष्मा मिळू द्या.

जय भीम!