चाकांवरच्या घराचं पाणी

गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन हिंडते, हे तुम्हांला माहीत आहेच. स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात रस्त्यावर अशा कितीतरी ‘गोगलगायी’ दिसतात! त्यांना म्हणतात कॅम्पर व्हॅन. आतच झोपायचं, आतच स्वयंपाक करायचा.

माझी ताई आणि भावोजी ग्लासगोला राहतात. त्यांच्याकडे १९८८ सालची अशी एक जुनी व्हॅन आहे. मे २०२३मध्ये ते दोघं, माझी भाची आणि मी असे चौघं त्या व्हॅनने निघालो. रस्ता लॉख लोमंडच्या काठाकाठाने उत्तरेकडे जातो. ‘लॉख’ म्हणजे तिथल्या भाषेत तळं. पुढे रॅनॉक मूरचा दलदलीचा माळ, मग डोंगरांनी वेढलेली ग्लेनकोची दरी आणि पुढे फोर्ट विल्यम. तिथलं बेन नेव्हिस हे ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर. उंची १३४५ मीटर. म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईहून ३०१ मीटर बुटकंच की!

पहिला मुक्काम तळ्याकाठी पडला. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड होता. ताईने चहासाठी नळ उघडला, तर नळाने नुसतं ‘फुस्स... फुर्र’ केलं. चार थेंब पाणी, बाकी हवा. पंप मात्र घुर्रघुर्र चालूच!

“हे जमलं नाही, तर उद्या परत घरी,” भावोजी म्हणाले. भाचीचं तोंड एवढंसं झालं. ग्लेनको बघायचं राहणार!

व्हॅनमध्ये पाणी कसं येतं, ते आधी समजून घेऊ. बाकाखाली ४५ लिटरची टाकी असते. तिच्या वरच्या बाजूला बॅटरीवर चालणारा छोटा पंप. नळ उघडला की नळीतला दाब कमी होतो आणि पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद केला की दाब वाढतो, पंप थांबतो.

आता शोध सुरू झाला. टाकीत पाणी आहे? आहे. पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी तुंबलीय? काढून धुतली, तरी तेच. कुठे गळतंय? खाली फरशी कोरडी ठणठणीत! मग राहिली टाकी ते पंप ही नळी. भाचीने टॉर्च धरला. नळी जुनी, कडक झालेली. पंपाला जिथे जोडलेली, तिथेच केसाएवढी चीर!

पण चिरेतून पाणी का नाही गळलं? दोस्तांनो, घरी एक प्रयोग करा. स्ट्रॉला वरच्या भागात टाचणीने दोन-तीन भोकं पाडा आणि सरबत ओढून बघा. सरबताऐवजी हवाच तोंडात येते. सरबत बाहेर काही सांडत नाही. पंपाचंही तेच झालं होतं. तो पाणी ओढत होता, पण चिरेतून हवाच येत होती.

भावोजींनी चिरलेलं टोक कापून टाकलं. नळी दोन बोटं लांब होती, म्हणून पुरली. कापलेलं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, पंपावर घट्ट बसवलं आणि पट्टीचा स्क्रू आवळला. नळ उघडला. आधी थोडी हवा, मग पाण्याची सरळ धार! नळ बंद केला, तसा पंपही गप्प. मग भाचीने प्रत्येक जोडाला कोरडा कागद गुंडाळला. सकाळपर्यंत एकही कागद ओला झाला नाही.

भावोजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळ्या फोडतं. म्हणून तिकडे कडक थंडीआधी टाकी, पंप, नळ्या सगळं रिकामं करून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्लेनको पाहिलं. पण माझ्या डोक्यात होते ते ४५ लिटर. म्हणजे आपल्या अंघोळीच्या जेमतेम तीन बादल्या! त्यात चौघांचं पिणं, स्वयंपाक, भांडी. सांडपाणीही वेगळ्या डब्यात जमवून ठरलेल्या जागीच ओतायचं. त्यामुळे दात घासताना भाची नळ बंद ठेवते. तिला सांगावं लागत नाही.

तुम्ही दात घासताना नळ चालू ठेवता का? मग उद्या नळाखाली बादली ठेवा आणि किती लिटर पाणी जमतं, ते मोजून वहीत लिहा. आकडा आईबाबांनाही दाखवा बरं का!